रेघेच्या अलीकडे, रेघेच्या पलीकडे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. स्नेहसंमेलन, सहली, कबड्डीचं मैदान यांवर बाकीचे भरभरून लिहितीलच. मला लिहायचंय ते इंग्रजीच्या बाईंनी नववीत शिकवलेल्या एका प्रकरणाबद्दल. क्रियापदापुढे 'टु' घ्यायचा की 'इंग', म्हणजेच इन्फिनिटिव्ह की जेरंड.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. आम्ही त्याआधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. हा भाग परीक्षेत 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये यायचा, म्हणून गाइडात नुसती यादी असायची: वाँट, होप, डिसाइड, रिफ्यूज यांना टु, एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड यांना इंग. बाईंनी यादीला हात लावला नाही. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "ही रेघ म्हणजे मुख्य क्रियापद. दुसरं काम रेघेच्या अलीकडचं की पलीकडचं, तेवढं सांगा."

'रिमेंबर टु लॉक द डोअर.' कुलूप लावायचं अजून बाकी आहे, बाण उजवीकडे. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर.' कुलूप लावून झालंय, बाण डावीकडे. मग स्टॉप घेतलं. "एक जण चहा प्यायला थांबला आणि एकाने चहा पिणं थांबवलं. यातल्या कोणाला चहा विचारायचा?" सगळा वर्ग एका सुरात बोलला. "म्हणजे 'स्टॉप्ड टु ड्रिंक' आणि 'स्टॉप्ड ड्रिंकिंग' यांतला फरक तुम्हाला आधीपासूनच कळतो," बाई म्हणाल्या. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणाऱ्या आम्हा मुलांना हे ऐकून केवढा धीर आला असेल! इन्फिनिटिव्हमधला टु हा मुळात दिशा दाखवणारा, 'कडे' या अर्थाचा टु, हे पुढे कधीतरी वाचलं आणि बाईंचा बाण उजवीकडेच का जायचा ते नीट उमगलं.

पण बाई तिथे थांबल्या नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच वाटतं. मराठी कान कुठे फसवतो, तेही त्यांनी दाखवलं. आपल्याला पोहायला आवडतं आणि पोहायला जायचंही असतं, दोन्हीकडे 'पोहायला'च. म्हणून आपल्या तोंडी सहज 'एन्जॉय टु स्विम' येतं, तिथे हवं 'एन्जॉय स्विमिंग'. 'बाईंनी मला वाचायला लावलं' याचं आपण 'मेड मी टु रीड' करतो. इंग्रजीत मेकपुढे टु गळतो, 'मेड मी रीड'. आणि वाक्य पॅसिव्ह केलं की तोच टु परत येतो, 'आय वॉज मेड टु रीड'. सजेस्ट, अव्हॉइड, कन्सिडर यांच्यापुढचं काम तर बहुधा व्हायचंच असतं, तरी त्यांना इंगच लागतं. "इथे बाण चालत नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

बाण चालत नाही तिथे वही. दोनशे पानी वहीत एका पानावर एक क्रियापद, आणि त्याखाली धड्यातून, वाचनालयातल्या इंग्रजी पेपरातून, मिळेल तिथून उतरवलेली पूर्ण वाक्यं. सुटं क्रियापद लिहिलेलं बाईंना चालत नसे. यादी पाठ करणाऱ्याला परीक्षेपुरतं येतं, वाक्यं गोळा करणाऱ्याच्या ते जिभेवर बसतं, हे माझं ठाम मत त्या वहीमुळेच झालं.

आज मी खरेदी विभागात परदेशी पुरवठादारांशी पत्रव्यवहार करतो. 'लुक फॉरवर्ड टु मीट यू' असं लिहिलेले मसुदे रोज टेबलावर येतात. तिथला टु प्रिपोझिशन आहे, त्याच्यापुढे 'मीटिंग' हवं. रिग्रेटचं तर आणखी जपावं लागतं. 'वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू' म्हणजे नकोशी बातमी आता सांगतो आहोत. 'वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' म्हणजे मागे जे कळवलं ते कळवायला नको होतं. ऑर्डर रद्द करण्याच्या पत्रात या दोहोंची गल्लत झाली, तर समोरचा काय समजेल! नव्या सहकाऱ्यांना मी कागदावर उभी रेघ मारूनच हे समजावतो, आणि एरवी चुकणारी मुलंही पटकन पकडतात.

शाळेला एक विनंती आहे. महोत्सवी वर्षात आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गासाठी वाचनालयात अशी एकेक वही ठेवावी. मुलांनी वाचता वाचता सापडलेलं वाक्य त्यात उतरवावं, खाली स्वतःचं नाव घालावं आणि वही पुढच्या तुकडीला द्यावी. वह्यांचा खर्च मी आनंदाने करीन. पहिली वाक्यं बाईंच्या हस्ताक्षरात असावीत एवढीच इच्छा. त्यासाठी त्यांना घरून आणण्या-नेण्याची जबाबदारीही माझी.