आठवड्यातून दोनदा, दोन रातकिडे

विंचू घेताना दुकानातून मिळालेल्या कागदावर खाण्याबद्दल एवढंच लिहिलं होतं: आठवड्यातून दोनदा, दोन रातकिडे. या एका ओळीने मला पूर्ण उन्हाळा छळलं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझ्याकडची मादी युरोपातल्या पिवळ्या शेपटीच्या विंचवाची, जेमतेम चार सेंटिमीटरची. मूळचा हा इटली आणि दक्षिण फ्रान्सकडचा. पण मी राहतो त्या इंग्लंडमधल्या केंटमध्ये, शीरनेसच्या गोदीच्या जुन्या भिंतींत, एकोणिसाव्या शतकापासून त्यांची वस्ती आहे. इटलीहून जहाजांतून आलेल्या दगडांबरोबर ते इथे पोचले असं मानतात. पाळायला परवाना लागत नाही. धोकादायक वन्य प्राण्यांबद्दलच्या 1976 च्या कायद्याने इथे ब्युथिडी कुळातल्या विंचवांवर परवान्याची अट आहे. आपला कोकणातला लाल विंचू त्या कुळातला, हा नाही. डबा, माती, झाडाची साल हे सगळं एका संध्याकाळी जमलं.

अडलं ते खाण्यावर. रातकिडा सोडला की ती सालीखाली सरकायची. सकाळी रातकिडा जिवंत, कधी तिच्या पाठीवरून चालत गेलेला. दुकानात विचारलं तर म्हणाले, ऊब कमी पडतेय, डब्याखाली हीट मॅट लावा. लावली. माती कोरडी पडली आणि ती आणखीच आत गेली. मग म्हणाले, रातकिडे लहान घ्या. मग म्हणाले, आणखी थोडे सोडून बघा. दर वेळी रातकिड्यांचा नवा डबा विकत घ्यायचा आणि परिणाम मात्र तोच. ती मरणार या भीतीने मी रात्री उठून टॉर्च मारून बघत होतो. ती गाभण असेल का, हा एक प्रश्न तिथे कुणीही विचारला नाही.

शेवटी अतिनील टॉर्च घेऊन रात्री शीरनेसच्या भिंतीपाशी गेलो. त्या प्रकाशात विंचू हिरवट निळे चमकतात. प्रत्येक जण आपापल्या फटीच्या तोंडाशी चिमटे पुढे करून बसलेला, हालचाल शून्य. एकाच्या चिमट्यात वुडलाउस होता. दमट दगडाखाली सापडतो तोच हा राखाडी, सात जोड्या पायांचा जीव. या भिंतींत त्यांचं मुख्य खाणं तेच. शिवाय सापडेल तो किडा, कोळी आणि प्रसंगी आपलाच लहान भाऊबंद. हा विंचू भक्ष्यामागे फारसा धावत नाही. चिमट्यांवरच्या बारीक केसांना चाहूल लागली की झडप घालतो आणि चिरडतो. नांगी क्वचितच वापरतो, भक्ष्य मोठं असलं किंवा फार धडपडलं तरच. नंतर मुखांगांनी कुस्करून, पाचकरस सोडून, फक्त पातळ झालेलं शोषून घेतो. त्याच्या शरीराचा खर्च इतका कमी असतो की कित्येक महिने उपाशी राहूनही तो धडधाकट असतो. अशा प्राण्याला आठवड्यातून दोनदा जेवण लिहून देणाऱ्याने ही भिंत एकदा तरी पाहायला हवी होती.

घरी येऊन मॅट काढली, रातकिडे काढले, अंगणातल्या कुंडीखालचे वुडलाउस आणून सोडले. कीटकनाशक मारलेल्या बागेतले कधीही घेऊ नका. आणि अन्नाआधी पाणी बघा. एका कडेला रोज थोडे थेंब शिंपडायचे, ती तेच पिते.

तरीही तिने खाल्लं नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी साल उचलली तर पाठीवर पांढरी पिल्लं! गाभण मादी बहुतेक वेळा खाणं सोडते. फोनवर आई घाबरली, “अरे, पिल्लं आईला खाऊनच जन्मतात ना?” आपल्याकडचा हा समज खोटा आहे. विंचवाची पिल्लं जिवंत जन्मतात आणि पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून असतात, काही खात नाहीत. उलट आईच एखाद्या पिल्लाला खाऊ शकते, म्हणून या दिवसांत डबा हलवू नये.

पिल्लं उतरल्यावर काही दिवसांनी तिने वुडलाउस पकडला. मी तिथेच जमिनीवर बसून, ती पुरता शोषून टाकेपर्यंत बघत राहिलो. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

पिल्लांना न उडणाऱ्या फळमाश्या आणि मातीतले स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव पुरतात. प्रत्येकाला वेगळी डबी द्या, नाहीतर ती एकमेकांना खातात. अगदी चिमुकल्या पिल्लाला मेलेला किडाही चालतो, समोर ठेवला की ओढून नेतं. मोठ्यांना मीलवर्म देणार असाल तर डोकं चिरडूनच द्या, नाहीतर अळी मातीत शिरते. थंडीत ती जवळपास काहीच खात नाहीत, तेव्हा मागे लागू नका. आणि रातकिडा दिलाच, तर सकाळी न विसरता काढून टाका. नुकती कात टाकलेल्या विंचवाचं अंग मऊ असतं आणि भुकेला रातकिडा त्यालाच कुरतडतो. दुकानाच्या कागदावर ही गोष्टही नव्हती.