विसण

"पियानो, पियानो," त्या आजीबाई म्हणाल्या आणि मी एक पाय हवेत धरून तशीच थांबले.

इटालियन मला ओ की ठो येत नाही. पण गरम पाण्यात पाय घालायला निघालेल्या बाईला आत बसलेली म्हातारी काय सांगते, ते कळायला भाषा कशाला लागते? हळू गं, हळू. भाच्याने नंतर सांगितलं की पियानो म्हणजे खरोखरच 'हळू'. इतकी वर्षं मी तो शब्द पेटीच्या थोरल्या बहिणीचाच समजत होते.

गाव सान काशानो देई बान्यी. तोस्काना प्रांताच्या पार दक्षिण टोकाला, मोन्ते चेतोना नावाच्या डोंगराच्या उतारावर चिकटून बसलेलं. फ्लॉरेन्सहून रोमकडे जाताना क्यूसी स्टेशन लागतं, तिथे उतरून पुढे गाडीने वळणं घेत चढायचं. 'देई बान्यी' म्हणजे न्हाण्यांचं. आडनावातच आंघोळ. गावाच्या आसपास गरम पाण्याचे ४२ झरे आहेत म्हणतात, आणि पाणीही साधारण तेवढ्याच अंशांचं, चाळीस-बेचाळीस. आम्ही मार्चअखेरीस गेलो होतो. वर गावात दगडी घरं, दगडी गल्ल्या, आणि एक वाजता सगळं बंद. पुणेकर नवऱ्याचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरच्यासारखा झाला.

उघडं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही खाली उतरलो. गावाच्या पायथ्याशी शेतात दगडी बांधाची टाकी आहेत. तिकीट नाही, फाटक नाही, कपडे बदलायला आडोसाही नाही. लोक गाडीच्या दाराआड टॉवेल गुंडाळून काय ते उरकतात. बोचऱ्या वाऱ्यात पाण्यावर वाफ, आणि वाफेत नुसती डोकी. चार म्हातारे आणि त्या आजीबाई, गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारत होते. सूर ओळखीचा होता. एकतर राजकारण असणार नाहीतर सांधेदुखी.

मी सलवार गुडघ्यापर्यंत ओढून काठावर बसले. पोहण्याच्या पोशाखात चारचौघांत उतरणं मला या जन्मी जमायचं नाही. पाय घातले. आधी चटका, मग मुंग्या, आणि मग बोटांपासून वर चढत गेलेलं ते... काय म्हणू? आवाजच निघाला तोंडातून. आजीबाई हसल्या.

पाण्याच्या बाबतीत मी भयंकर कटकटी बाई आहे. मला कडक पाणी लागतं. 'कोमट' हा शब्द उच्चारला तरी अंगावर काटा येतो. हॉटेलात गेल्यावर माणसं खिडकीतून काय दिसतं ते बघतात, मी नळ सोडून हात धरून उभी राहते. घरात या विषयावर तीस वर्षं युद्ध चालू आहे, कारण ह्यांना बादलीत हात घालून "छान निवलंय" म्हणायची खोड आहे. निवलेलं पाणी छान कसं असेल?

याला कारण आमची न्हाणी. राजापूर तालुक्यातलं घर, मागच्या पडवीला चुलीवर तांब्याचा काळाकुट्ट हंडा, खाली नारळाच्या झावळ्या नि सोडणं सारलेली, आणि शेजारी विसणाची कळशी. हल्लीच्या मुलांना विसण माहीत नाही, मिक्सर नळ माहीत आहे. कढत पाण्यात हवं तेवढं गार पाणी घालायचं ते विसण. आमच्याकडे विसण घालायचा अधिकार फक्त आजीचा. ती आधी हाताने नाही बघायची, वाकून कोपर बुडवायची. कोपराला जे सोसेल ते पोराच्या अंगाला सोसेल. मग तांब्याने एकदा, मग ओंजळीने दोनदा, मग नुसतं बोटांवरून ठिबकवून. मीठ घालावं तसं. आणि इतकं करून पाणी असायचं ते कढतच. पाठीवर पहिला तांब्या पडला की आम्ही किंचाळायचो आणि ती म्हणायची, "भाजत नाहीस हो. मरगळ निघत्येय."

त्या टाक्यात पाय सोडून बसले असताना हेच डोक्यात आलं की हे पाणी खाली कुणीतरी विसण घालूनच वर पाठवलेलं आहे. भाचा इंजिनियर, त्याने लगेच समजावून सांगितलं. डोंगरावर पाऊस पडतो, चुनखडीच्या खडकातल्या भेगांतून खोल खोल जातो, तापतो, आणि दुसऱ्या वाटेने वर येतो. येता येता वरचं गार पाणी त्यात किती मिसळतं, त्यावरही बरंच असतं. म्हणजे विसणच की. कोकणातही हाच प्रकार. ज्वालामुखी-बिलामुखी कुणी नाही, पावसाचंच पाणी पोटात जाऊन तापून येतं. फक्त आमच्याकडे सगळीकडे हात सारखा बसलेला नाही. दापोलीकडच्या उन्हवऱ्याला उगमाशी पाण्यात बोट घालवत नाही, तुरळचं कडक, आणि राजापूरच्या उन्हाळ्याचं अगदी आजीच्या हातचं.

राजापूरचं उन्हाळं म्हणजे ऋतू नव्हे, गाव. बाहेरच्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. अर्जुना नदीच्या काठाला गोमुखातून गरम पाण्याची धार पडते, बारा महिने. जवळच राजापूरची गंगा. तिची चौदा कुंडं, आणि ती मात्र मर्जी असेल तेव्हा, तीनेक वर्षांनी येणार. गंगा आली की मुंबईचे पाहुणे येत. आजीला गंगेचं फारसं कौतुक नव्हतं. "ती येते नि जाते. हे रोज आहे," म्हणायची. तिचा उजवा गुडघा धरलेला होता. मी दहाएक वर्षांची असताना ती मला सोबत घेऊन एसटीने उन्हाळ्याला जायची आणि नऊवारीसकट गोमुखाखाली बसायची. गुडघा बरोब्बर धारेखाली. माझं काम कोरडं लुगडं धरून उभं राहायचं आणि कुणी पुरुष आला तर खोकायचं.

तिने देवीला नवस बोलला होता. गुडघा उतरला तर चांदीचा पाय वाहीन. आता ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की सोनाराचा आवाजसुद्धा मला येतो, पण त्या दिवशी मी खरोखरच दुकानात होते. काचेच्या कपाटात चांदीच्या पत्र्याचे डोळे होते, जोडीने. पाळणे होते, हात होते. पाय होता तो घोट्यापर्यंत.

"गुडघा नाही?" आजीने विचारलं.

"साचा पावलाचा असतो, आजी. देवीला समजतं."

"तिला समजेल हो. पण पाय माझा चांगला आहे. उद्या पाय बरा केलान नि गुडघा तसाच राहिला, तर बोलू कुणाला?"

सोनार बिचारा भला माणूस. त्याने पत्रा वाढवून दोन बोटं उंच पाय करून दिला, वर ठोकून एक गोल काढला. तो गुडघा कमी आणि बटाटा जास्त दिसत होता. वाढीव वजनाचे पैसे आजीने घासाघीस करून दिले. घरी आणून तो पाय तिने ट्रंकेत ठेवला. काम झाल्याशिवाय मजुरी नाही, हा तिचा नियम गवंड्याला होता तोच देवीला.

आणि इथेच सगळा घोळ झाला. गुडघ्याला गुण आला, पण अर्धा. माजघराच्या पायऱ्या चढायला लागली, पण विळीवर बसता येईना. आता नवस फेडायचा की नाही? भटजी म्हणाले, फेडा. आजी म्हणाली, बोली पुरती ठरली होती. अर्धा पाय कापून देऊ का? वर्षभर घरात हा खटला चालला. एकदा शेजारच्या काकूंनी सुचवलं की पाऊल देवीला द्या, बटाटा तुम्ही ठेवा. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

सान काशानोच्या त्या टाक्याला लागूनच कुंपण घातलेलं आहे. आत खोदकाम चालतं. भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवले तेव्हा मी पाय पाण्यातून काढले नाहीत, पण सरळ होऊन बसले. त्या कुंपणाआड गरम चिखलात एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीपासून या भागात राहणारे लोक, आणि रोमन, या दोघांचं झऱ्याचं देवस्थान निघालं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं की एका कुंडातून काशाचे २४ पुतळे वर आले. दोन हजार वर्षांमागचे, शिवाय पाच हजारांहून अधिक नाणी. १९७२ मध्ये रियाचेजवळ समुद्रात दोन काशाचे योद्धे सापडले होते, त्यानंतरचा हा सगळ्यात मोठा शोध म्हणतात. चिखलाने आणि गरम पाण्याने धातू असा जपला की पुतळ्यांवरचे लेख वाचता येतात, एट्रुस्कन भाषेतले आणि लॅटिनमधले शेजारी शेजारी. बाहेर त्या दोन लोकांच्या लढाया चालू होत्या म्हणे. इथे आले की एकाच टाक्यात पाय.

पण माझं लक्ष मोठ्या पुतळ्यांकडे नव्हतंच. लहान वस्तू होत्या. काशाचा कान. काशाचं पाऊल. हात. आतडी, काळीज, सगळा ऐवज दाखवणारा एक पत्रा. ज्याचं जे दुखत होतं, त्याने ते घडवून पाण्यात सोडलं होतं. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय मिळतात ते मी पाहिलेत, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. पण कान बघताना मला हसूच फुटलं. दोन हजार वर्षांपूर्वी एखादी बाई सोनाराच्या दुकानात उभी राहून म्हणाली असेल, डावा आहे हो माझा, हा उजवा काय देताय?

मग भाच्याने पुढचा फोटो काढला. अलीकडच्या खोदकामात निघालेला पुरुषाचा देह, मानेपासून खाली, मधोमध उभा चिरलेला. तुटून अर्धा झालेला नव्हे, मुद्दाम अर्धाच. एक अंदाज असा की त्याच्या तेवढ्याच अंगाला गुण आला असावा. म्हणून तेवढंच दिलं.

मी नवऱ्याला म्हटलं, "बघा. आजी बरोबर होती."

त्यांना संदर्भ लागला नाही. ते पाण्यात बोट घालून बघत होते. "छान निवलेलं आहे," म्हणाले.

कोमटाचा हा पक्ष फार जुना आहे म्हणा. सम्राट ऑगस्टसला ख्रिस्तपूर्व २३ साली त्याच्या वैद्याने, आन्तोनियस मूसाने, गार पाण्याचे उपचार करून बरं केलं, तेव्हापासून रोममध्ये गार आंघोळीची फॅशनच आली होती. होरेस कवीलाही त्याच वैद्याने भर हिवाळ्यात गार पाण्यात उतरवलं. कोमटाच्याही पुढची पायरी. कवीने ते मुकाट्याने सोसलं नाही, लिहून ठेवलं.

देवस्थान पाचव्या शतकात बंद झालं. ख्रिस्ती धर्म आला, जुने देव गेले. पण फोडाफोड केली नाही. पुतळे पाण्यात निजवले, वर खांब आडवे टाकले, कुंड मिटवलं. भाचा 'डीकमिशन' म्हणाला. मी म्हटलं, विसर्जन म्हण. तो म्हणाला, विसर्जन केलेलं कुणी पुन्हा वर काढत नाही, मावशी. त्याचंही खरं आहे. कुंपणाआड पाण्याचा पंप धडधडत होता. खणणाऱ्यांना रोज झऱ्याशी भांडूनच चिखलात उतरावं लागतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्या आजीबाई बाहेर आल्या. त्यांचा उजवा गुडघा चांगला सुजलेला होता. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मी त्यांच्या. त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवून आकाशाकडे बघत काहीतरी म्हटलं. मीही आपल्या गुडघ्यावर हात ठेवून मराठीत म्हटलं, "चालायचंच हो." त्यांनी मान डोलावली. मग टॉवेल, मग झगा, मग हाताला धरून एका म्हाताऱ्याने त्यांना गाडीपर्यंत नेलं. पियानो, पियानो.

चढ चढून गावात येईपर्यंत माझा गुडघा पुन्हा बोलायला लागला होता. मी रस्त्यातूनच भावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले.

"आजीचा चांदीचा पाय कुठे आहे रे?"

"कुठला पाय?"

"नवसाचा. वर बटाटा असलेला."

जरा वेळ तो नुसताच विचार करत राहिला. मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाला, "तो आईने मोडीत घातला नाही का? चिंगीच्या बारशाला. वाळे केले त्याचे."

"नवस फेडायच्या आधी?"

"आजी गेली होती गं तेव्हा. आईने देवीला नारळ दिलान नि सांगितलं, एवढं सांभाळून घे."

"मग ते वाळे कुठेत?"

"बघतो," म्हणाला. त्याला दोन वर्षं झाली.