निरंक असल्यास निरंक कळवावे

महामारीच्या काळातील शिक्षकांच्या ताणाचा विषय निघाला की बोलणे हमखास तंत्रज्ञानाकडे वळते. शिक्षकांना झूम येत नव्हते, गावात रेंज नव्हती, मुलांच्या घरी मोबाइल नव्हते. हे सगळे खरेच होते. परंतु तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवत मी तो काळ काढला आहे, आणि आमच्या शिक्षक-खोलीतील जवळजवळ प्रत्येकाची जी दमछाक झाली तिचे मूळ मला दुसरीकडे दिसते. मोबाइलवर शिकवणे आम्ही दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पाडून घेतले. कामाला सुरुवात आणि शेवट नसणे, कोणते काम कोणाच्या आदेशाने आणि कधीपर्यंत करायचे याचा पत्ता नसणे, आणि केलेल्या कामापेक्षा त्याच्या पुराव्याला अधिक किंमत येणे, हे मात्र शेवटपर्यंत अंगवळणी पडले नाही.

मार्च २०२०च्या मध्यास शाळा बंद झाल्या. दहावीची परीक्षा संपत आलेली होती आणि २३ मार्चचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली, पाठोपाठ नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली. एप्रिलमध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू झाला आणि रोजच्या रोज अभ्यासाचे साहित्य व्हॉट्सॲपवर येऊ लागले. कल्पना चांगली होती. पण ज्या वाटेने ते साहित्य खाली येई त्याच वाटेने त्याचा हिशेब वर जाऊ लागला. किती पालकांपर्यंत पोहोचले, किती मुलांनी सोडवले, किती जणांकडे स्मार्टफोन आहे, किती जणांकडे साधा आहे, किती जणांकडे काहीच नाही, अशी माहिती पुन्हा पुन्हा मागितली जाई. रकाने तेच असत, फक्त त्यांचा क्रम बदललेला असे.

माझ्या थोरल्या जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांच्याकडे गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशा पायऱ्या उतरत निरोप येई, आणि प्रत्येक पायरीवर मुदतीतले थोडे तास कमी होत. वरून तीन दिवसांची मुदत निघालेली असली तरी वर्गशिक्षकाच्या हाती ती ‘आज दुपारी दोनपर्यंत’ अशी पडे. खाली ठरलेले वाक्य असे: निरंक असल्यास निरंक कळवावे. म्हणजे सांगण्यासारखे काही नसले तरी ते नाही हे सांगायचे, आणि वेळेत सांगायचे. एकदा आम्ही दोघी वाटण घाटणाच्या गडबडीत असताना जाऊबाईंनी ओल्या हातांनी फोन उचलून एका बोटाने ‘निरंक’ टाइप केले आणि पुन्हा मिक्सर सुरू केला. कशाविषयी ते निरंक होते, हे त्यांना विचारल्यावर त्यांनाही क्षणभर आठवले नाही.

आमच्या शाळेतला दिवस, म्हणजे घरातून चालणारी शाळा, कागदावर सकाळी दहा ते दुपारी एक एवढीच होती. प्रत्यक्षात आमच्या अर्ध्याहून अधिक मुलांच्या घरात एकच फोन असे आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. वडील रात्री परतले, जेवणे झाली, की तो मुलीच्या हाती येई आणि मग नऊ-साडेनऊनंतर वह्यांची छायाचित्रे येऊ लागत. काही आडवी, काही अंधारात काढलेली, एखाद्या पानाच्या कोपऱ्यावर अंगठा आलेला. समरूप त्रिकोणांची सिद्धता तपासायची तर चित्र मोठे करून एकेक पायरी वाचायची, चुकलेल्या ठिकाणी बोटाने लाल रेघ ओढायची आणि तिथेच आवाजी संदेशात कारण सांगायचे. वर्गात जी वही मी एका नजरेत तपासते, तिला अशा रीतीने तपासायला पाच-सात मिनिटे लागत. त्या मुलीला ‘रात्री पाठवू नकोस’ असे सांगण्यात काही अर्थ नव्हता, कारण तिला दुसरी वेळच नव्हती. त्यामुळे दहा ते एकची शाळा झाली की दुपारी अहवाल आणि रात्री वह्या, असा तो दिवस लांबत गेला.

जुलै २०२० मध्ये केंद्राच्या शिक्षण विभागाने ‘प्रज्ञाता’ या नावाने ऑनलाइन शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका, नववी ते बारावीसाठी अशा चार, असे त्यात म्हटले होते. मुलांच्या डोळ्यांचा आणि मनाचा विचार कोणीतरी केला याचे मला समाधान वाटले. पण तासिकेच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या माणसाने दिवसातून किती वेळ पडद्याकडे पाहावे, याची अशी मर्यादा कोणी आखली नाही. मुलांच्या चार तासिका संपत, त्या वेळी शिक्षकाचा पडद्यासमोरचा दिवस निम्मासुद्धा झालेला नसे.

शिकवण्याच्या ताणाबद्दल एकच सांगते. वर्गात आपण बोलतो ते समोरच्या चेहऱ्यांकडे पाहत. तिसऱ्या बाकावरचा मुलगा कपाळाला आठ्या घालतो म्हणून आपण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो. कॅमेरे बंद असलेल्या वर्गात नावांची गोल अक्षरे दिसत, आणि ‘समजले का?’ या प्रश्नावर एक-दोघांचे ‘हो मॅडम’ येई. बाकीची मुले आहेत की फोन ठेवून शेळ्यांमागे गेली आहेत, हे कळायला मार्ग नसे. विषय किती पोहोचला याची खात्री नसताना रोज शिकवत राहणे हे फार थकवणारे असते, आणि तो थकवा झोपेने जात नाही.

याच्या जोडीला ड्युट्या होत्या. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. त्याला दशवार्षिक जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढे अपवाद आहेत. महामारी ही आपत्तीच असल्याने या कामांना कायद्याने आडकाठी नव्हती, आणि खरे सांगायचे तर आरंभी आमच्यातील बहुतेकांची ना नव्हतीच. गावाला गरज असताना घरात बसून राहणे कुणालाच रुचत नव्हते. कुणी जिल्ह्याच्या सीमेवरील तपासणी नाक्यावर उभे राहिले, कुणी रेशन दुकानावर, कुणी विलगीकरण कक्षात. १५ सप्टेंबरपासून २५ ऑक्टोबर २०२० पर्यंत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम चालली, तेव्हा आमच्यातले कित्येक जण ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार फिरले. प्रश्न असा होता की ड्युटी मिळाली म्हणून वर्ग कमी झाले नाहीत आणि अहवालही थांबले नाहीत. आमचे एक सहकारी दुपारपर्यंत सर्वेक्षण करून एखाद्या झाडाखाली दुचाकी लावत आणि तिथूनच नववीचा तास घेत.

त्याहून अवघड प्रश्न जिवाचा होता. राज्य शासनाने २९ मे २०२० च्या निर्णयाने कोविड कर्तव्यावरील कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचे कवच जाहीर केले होते. पण आदेश फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेला असेल, तर तो कर्मचारी कर्तव्यावर होता हे त्याच्या माघारी त्याच्या बायकोने कोणत्या कागदाने दाखवायचे? म्हणून आमच्यातील जाणती मंडळी नव्यांना पहिला सल्ला देत की ऑर्डर लेखी घ्या, शिक्का-सहीनिशी घ्या, आणि तिची एक प्रत घरी ठेवा. पुढे एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट ऐन भरात असताना पंढरपूरची पोटनिवडणूक झाली, उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या. तेथील प्राथमिक शिक्षक संघाने निवडणुकीच्या कामानंतर मृत्यू पावलेल्या सोळाशेंहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी दिली आणि सरकारने सुरुवातीला त्यांपैकी फक्त तिघांचे मृत्यू मानले. ती बातमी आमच्या गटात आली त्या दिवशी नेहमी चालणारी हास्य-चित्रे कुणी टाकली नाहीत.

मी अनुदानित शाळेतील असल्याने माझा पगार, उशिरा का होईना, येत राहिला. हे लिहिताना त्याची जाणीव ठेवलीच पाहिजे, कारण विनाअनुदानित शाळांमधील शिक्षकांची स्थिती वेगळी होती. वर्षानुवर्षे अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहत ते अल्प मानधनावर शिकवत होते आणि शिकवण्यांच्या आधारावर घर चालवत होते. शिकवण्या बंद झाल्या, शाळेचे मानधनही थांबले. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेले. शहरांतील खाजगी इंग्रजी शाळांत पालकांनी शुल्क थकवले आणि शाळांनी शिक्षकांचे पगार निम्म्यावर आणले. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे तर तासच मोजले जाईनात. भाजीच्या गाडीवर ओळखीचे विद्यार्थी गिऱ्हाईक म्हणून येतात तेव्हा त्या शिक्षकाच्या मनाचे काय होत असेल, यावर एकही परिपत्रक निघाले नाही.

परिपत्रके निघाली ती वेबिनारची. ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’, ‘सकारात्मक विचारसरणी’, ‘आनंदी शिक्षक’. ठरलेली वेळ शाळेनंतरची, उपस्थिती सक्तीची, शेवटी अभिप्रायाची लिंक, ती भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राचे छायाचित्र मुख्याध्यापकांकडे पाठवणे आवश्यक. एका व्याख्यानात वक्ते दीर्घ श्वास घ्यायला सांगत होते आणि त्याच वेळी माझ्या फोनवर ‘लसीकरणाची माहिती अद्याप अप्राप्त, खुलासा सादर करावा’ असा निरोप झळकला. समुपदेशन निरुपयोगी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. केंद्राने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ हा उपक्रम विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांसाठी सुरू केला, तो योग्यच होता. परंतु ज्या ताणाचे कारण कामाच्या रचनेत आहे त्यावर श्वासाचा उपाय सांगणे म्हणजे कारण शिक्षकाच्याच मनात आहे असे सुचवणे होय, आणि त्याने माणूस अधिकच एकटा पडतो.

या काळात शिक्षकांचे कौतुकही पुष्कळ झाले. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, आदिवासी पाड्यांवर कुणी ध्वनिक्षेपक लावून शिकवले, आणि डिसेंबर २०२० मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आम्हाला त्याचा मनापासून अभिमान वाटला. पण अशा गोष्टी बैठकांमध्ये सांगितल्या जाऊ लागल्या, तेव्हा ‘त्यांना जमते, तर तुम्हाला का नाही?’ असा सूर त्यांना चिकटला. कौतुकाची अशी वसुली होऊ लागली की चांगल्या उदाहरणांचाही धाक वाटू लागतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग उघडायचे ठरले, तेव्हा सर्व शिक्षकांची आरटी-पीसीआर चाचणी झाली; ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात आम्ही सारे वर्तुळात उभे राहून एकमेकांकडे संशयाने पाहत होतो. पुढल्या उन्हाळ्यात दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल शाळेने लावायचा ठरला. नववीचे पन्नास गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाचे तीस आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस. ज्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नव्हती, तिचे पन्नास. जून महिन्यात गुण भरण्याचे काम चालू असताना मुंबईच्या शिक्षकांना लोकलचे तिकीट मिळत नव्हते, आमच्याकडे संकेतस्थळ रात्री अकरानंतरच चालत होते. १६ जुलैला निकाल लागला, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. त्यावरचे विनोद आम्हीही वाचले.

आमच्या शाळेत त्या वर्षभरात ज्याने खरोखर दिलासा मिळाला ती गोष्ट अगदी साधी होती. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी ऑगस्टमध्ये तीन नियम केले. कोणतीही माहिती मागायची ती दिवसातून एकदा, दुपारी चार वाजता, एकाच तक्त्यात. जी माहिती शाळेकडे आधीच आहे ती शिक्षकांना पुन्हा विचारायची नाही, कार्यालयाने काढून द्यायची. आणि ज्याला ड्युटी आहे त्याचे तास उरलेल्यांनी वाटून घ्यायचे. वरून विचारणा झाल्यास उत्तर द्यायला त्या स्वतः उभ्या राहत. रात्रीच्या वह्या तशाच येत राहिल्या, पण दुपार मोकळी झाल्यामुळे त्या तपासायला अंगात त्राण उरू लागले, आणि पंधरा दिवसांतच आमच्या बोलण्यातली चिडचिड कमी झाली. वेबिनार आम्ही त्यानंतरही केले.

ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामे वेगळी करणारा निर्णय काढला, त्याची प्रत बाईंनी निवृत्त झाल्यावरही शाळेच्या गटात आवर्जून पाठवली. तो वाचून होतो न होतो तोच नव्या मुख्याध्यापकांचा निरोप आला की सदर निर्णय सर्व शिक्षकांनी वाचल्याचे स्वाक्षरीसह आजच कळवावे.