ओकीचोबीची नोंदवही: जानेवारी ते एप्रिल, गवतातला बास

यंदा बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या गळासाठी कुठल्या रंगाचं आमिष बरं, हा वाद बाजूला ठेवून आधी गवताखालचं पाणी तपासायचं ठरलं. ओकीचोबी हे फ्लोरिडातलं सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचं सरोवर, पण सरासरी खोली जेमतेम ९ फूट. एवढ्या उथळ पसाऱ्यावर वारा सुटला की तळाचा गाळ उठतो आणि गढूळ पाणी किनाऱ्याच्या गवतावर येऊन आदळतं. गवताची पट्टी रुंद आणि दाट असेल तर आतलं पाणी निवळतं, विरळ असेल तर नाही. त्यामुळे जीपीएसवर साठवलेल्या जागांपेक्षा आदल्या दोन दिवसांचा वारा कुठला होता हे जास्त उपयोगी पडतं. उत्तरेचा वारा लागून राहिला की दक्षिणेच्या क्लूइस्टन गावाकडची बाजू आधी बिघडते. पश्चिमेला हार्नी पाँड कालव्याजवळची मंकी बॉक्स नावाची दलदलीची जागा आडोशाला असल्याने तग धरते. पांढरं आमिष दीड-दोन फूट खाली दिसेनासं झालं की तिथे थांबण्यात अर्थ नाही.

दुसरी खूण गवताच्या जातीची. किसिमी गवत आणि बुलरश (आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं) वाळूच्या, टणक तळावर वाढतात. पाणकणीस बहुधा गाळात. बास अंडी घालायला टणक तळ शोधतो, म्हणून जानेवारी ते मार्च बुलरशच्या मागचे मोकळे खळगे आणि ईलग्रासची (पाण्याखालच्या फितीसारख्या गवताची) कड आधी बघायची. पाणी १५-१६ अंश सेल्सिअसला पोचलं की नर जागा साफ करायला लागतात. नुसत्या एका जातीच्या लांबच लांब पट्टीपेक्षा दोन जाती भेटतात तो कोपरा नेहमी सरस.

मरळीवर फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं पोकळ, तरंगतं आमिष) टाकून इथे आलेल्या मंडळींसाठी एक सूचना. मरळ वर येऊन हवा घेते, त्यामुळे कुजक्या, वास मारणाऱ्या जलपर्णीखालीही ती सापडते. बासला पाण्यातल्याच ऑक्सिजनवर भागवावं लागतं. तणनाशक फवारलेला जलपर्णीचा तांडा (पाण्यावरचा दाट थर) दोन-तीन आठवड्यांत तपकिरी पडतो, कुजताना खालचा ऑक्सिजन खातो आणि मासा निघून जातो. वरून तो तांडा झकास दिसतो, हीच फसगत. तांड्यातून ओढून काढलेल्या मुळांवर पारदर्शक कोळंबी किंवा किडे वळवळताना दिसले तर जागा जिवंत आहे; काळा, बुळबुळीत चिखल आला तर पुढे चला.

थंडीची लाट आल्यावरचे दिवस पंचिंगचे, म्हणजे जड वजनाने आमिष तांड्यातून खाली घुसवायचे. फ्लोरिडाचा बास थंडीला फार हळवा आहे. लाट सरून आकाश निळंशार झालं, हवेचा दाब चढला की तो दाट तांड्याखाली जाऊन बसतो आणि पाठलाग करत नाही. आमिष त्याच्या नाकासमोर पडलं तरच तोंड उघडतो.

यंदाची जोडणी अशी: पावणेआठ ते आठ फुटी एक्स्ट्रा हेवी रॉड, ८:१ गिअरचं रील, ६५ पौंडी ब्रेड (विणलेला दोरा). ब्रेडवर आधी रबरी स्टॉपर, मग टंगस्टनचं वजन, मग ४/० चा सरळ दांड्याचा जाड हूक, त्यावर ४ इंची आटोपशीर क्रॉ (क्रेफिशच्या आकाराचं रबरी आमिष). लांब शेपट्या-पाय असलेलं आमिष तांड्यावरच अडकतं. सुट्या जलपर्णीला १ औंस पुरतो, पृष्ठभागावर आडव्या पसरलेल्या हायड्रिला या पाणतणाला दीड, त्यावर जलपर्णी येऊन दाबली असेल तर २. स्टॉपर एक नव्हे, दोन लावा. एकटा घसरतो, वजन खाली जातं आणि आमिष वर लटकत राहतं.

हूक स्नेल गाठीनेच बांधायचा. दोरा हुकाच्या डोळ्यातून टोकाच्या बाजूने आत घालून दांड्यावर सहा-सात वेढे. बांधून झाल्यावर वजन डोळ्यावर दाबून बघा: हुकाचं टोक बाहेर उसळलं पाहिजे. उसळत नसेल तर दोरा उलट्या बाजूने गेलाय, गाठ कापा. डोळ्याच्या तारेत फट असलेले स्वस्त हूक ब्रेडला चालत नाहीत. झटका दिला की ब्रेड त्या फटीत सरकून कापला जातो आणि दोष गाठीला दिला जातो. वजनाच्या भोकाची कडही नखाने चाचपायची. खरखरीत लागली तर ते वजन बाजूला.

टाकताना आमिष आठ-दहा फूट उंच उडवा, म्हणजे ते सरळ खाली पडतं. रीलवरचा अंगठा आधी दाबलात तर वजन तिरकं लागून वरच बसतं. तळ लागू द्या, मग तांड्याच्या पोटापर्यंत उचलून दोनदा हलवा, बस. मासा लागला तर वर ओढा. पाच फूट पाण्यात वजन तीन फुटांवरच थांबलं किंवा दोरा बाजूला सरकला, तर तो मासाच. बोटीने त्याच्याकडे जायची घाई नको. पहिल्या झटक्यात त्याचं डोकं तांड्याबाहेर आलं पाहिजे.

मार्चअखेर पाणी तापलं की फ्रॉग. ५० ते ६५ पौंडी ब्रेड, दोन्ही हूक पक्कडीने किंचित बाहेर वाकवलेले, त्याचा एक रबरी पाय दुसऱ्यापेक्षा पाव इंच आखूड, म्हणजे तो डावीउजवीकडे चांगला वळतो. पोटात पाणी शिरलं की फ्रॉग मागून बुडतो. दर काही फेकींनी दाबून काढा. उसळी दिसताच ओढायचं नाही, दोऱ्यावर भार आला की मगच. मासा चुकलाच तर त्याच भोकात लगेच बिनवजनाचा ५ इंची स्टिक वर्म (काडीसारखं रबरी गांडूळ) सोडायचा. जूनबग, म्हणजे हिरवी चमक असलेला जांभळा, इथल्या गडद पाण्यात चालतो.

पाण्याची पातळी इथे समुद्रसपाटीपासून फुटांत सांगतात आणि रोज जाहीर होते. १५ च्या आसपास असेल तर आतल्या दलदलीत वाव आहे. १२ कडे उतरली की मासा बाहेरच्या कडेला येतो आणि सगळ्या बोटीही तिथेच.

इंजिनाचं थोडक्यात. गवतातून जाताना थंड पाण्याची धार सतत बघा. बारीक झाली तर पाणी घेणारी जाळी तुंबली आहे; इंजिन वर उचलून क्षणभर रिव्हर्स दिला की गवत झडतं. इलेक्ट्रिक मोटारला गवत कापणारा पंखा लावा, आणि तांड्याजवळचे शेवटचे वीस फूट तीही बंद करून बांबूने ढकला. निघताना ट्रेलर झटकायचा, कारण हायड्रिलाचा एक तुकडा दुसऱ्या तळ्यात पसरायला पुरतो.

ठेवण्याची मर्यादा माणशी दिवसाला ५, त्यात १६ इंच किंवा त्याहून मोठा एकच. ८ पौंड किंवा त्याहून जड बास राज्याच्या ट्रॉफीकॅच योजनेत नोंदवता येतो, पण जिवंत सोडला तरच, आणि वजनकाट्यावरचा आकडा फोटोत वाचता आला पाहिजे. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन धरा. मोठी मादी नुसती जबड्याने आडवी धरली की जबडा दुखावतो. फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करायची.