बुधवार पेठेतील अर्ध्या तासाची वाट

पुण्यात कोणी पाहुणे आले की मी त्यांना बुधवार पेठेतून मंडईपर्यंत पायी नेतो, कारण इतक्या थोड्या अंतरात शहराच्या शिक्षणाचा आणि नागरी सोयींचा एवढा इतिहास अन्यत्र क्वचितच सापडतो. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो जीर्ण वाडा स्मारकासाठी 2023 च्या डिसेंबरात पाडण्यात आला. त्या जागेसमोर उभे राहिले की आजही माझे मन भरून येते. स्मारकात मुलींचा अभ्यास चालावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. विश्रामबागवाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज घडले, हे पाहुण्यांना बहुधा नवे असते. शेवटी मंडई. मधल्या उंच मनोऱ्याभोवती पसरलेली ही दगडी वास्तू 1886 मध्ये रे मार्केट म्हणून खुली झाली. तिच्यावरील खर्चाला विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा आग्रह जोतीरावांनी धरला होता. आता ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि तिथे आजही ताजी भाजी मिळते.