चोखणीचं झाड

गेल्या शनिवारी आम्ही लेकीच्या चोखण्या झाडाला टांगून आलो. एकूण तीन होत्या. त्यातली निळी तिची सगळ्यात लाडकी, रबराला दातांच्या खुणा पडलेली. तिन्ही लाल फितीत ओवल्या, फितीला चिठ्ठी बांधली आणि बाबाच्या खांद्यावर बसून तिने स्वतःच्या हाताने फांदीला अडकवल्या. गाठ मी मारली.

हे झाड कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेत आहे. डॅनिशमध्ये त्याचं नावच ‘चोखणीचं झाड’. फांद्याफांद्यांवरून शेकडो चोखण्या लोंबत असतात. काही नव्या, चकचकीत. काही उन्हापावसाने पार पांढऱ्या पडलेल्या. बऱ्याच चिठ्ठ्यांवरची शाई पावसात उतरलेली असते, तरी एखाददुसरं नाव वाचता येतं. मूल चोखणी सोडण्याएवढं मोठं झालं की आईवडील त्याला इथे घेऊन येतात, मूल चोखणीचा निरोप घेतं आणि ती झाडाच्या हवाली करून घरी जातं. आठवण आली तर झाडाला भेटायला यायचं. हिसकावून घेणं नाही, लपवून ठेवणं नाही. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

आईला सांगलीला व्हिडिओ कॉल लावून झाड दाखवलं. ती म्हणाली, “अगं, हे तर आपल्याकडच्या नवसाच्या झाडासारखंच की!” मग लगेच, “रात्री झोपली का पण?” झोपली. तासभर रडली, मग झोपली.

त्या रात्री ती झोपल्यावर माझ्या लक्षात आलं, की या मुलीचं जवळजवळ सगळं आयुष्य याच बागेत गेलंय. आणि माझंही इथलं खरं आयुष्य याच बागेत सुरू झालं.

आमचं घर दोन खोल्यांचं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बऱ्याच जुन्या इमारतींत बाल्कनीही नसते. त्यामुळे घरात न मावणाऱ्या सगळ्या गोष्टी बागेत होतात. पोरांचे वाढदिवस होतात. दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिला कागदी डॅनिश झेंडे लावायचे (वाढदिवसाला झेंडा हवाच), गवतावर लांबच लांब चादर अंथरायची, केक घरून आणायचा. कॉलेजची पोरं परीक्षेचा अभ्यास करत पालथी पडलेली असतात. एक आजोबा रोज सायकलला घडीची खुर्ची बांधून येतात, तळ्याकाठी तीच जागा धरतात आणि पेपर वाचतात. तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी मान हलवण्यापलीकडे काही बोललेलो नाही. पण मध्ये दोन आठवडे ते दिसले नाहीत तेव्हा मला चैन पडेना.

फ्रेडरिक्सबर्ग ही खरं तर वेगळी नगरपालिका आहे, चारही बाजूंनी कोपनहेगनने वेढलेली. टेकडीवर राजाचा पिवळा राजवाडा आहे, तिथे आता लष्करी अधिकाऱ्यांचं शिक्षण होतं. खालचा सगळा उतार म्हणजे बाग. आधी ती फ्रेंच थाटाची, रेघा मारल्यासारखी आखलेली होती. अठराव्या शतकाच्या शेवटी ती मोडून वळणावळणाचे कालवे, छोटे पूल आणि बेटं केली. सहावा फ्रेडरिक राजा या कालव्यांतून नावेत बसून फिरायचा आणि काठावर जमलेले लोक त्याला बघायचे. आज त्याच पाण्यात बदकं असतात आणि काठावर आम्ही. तिकीट नाही.

लेक ऑक्टोबरात झाली. इथे बाळ झालं की नगरपालिकेची आरोग्यसेविका घरी येते, वजन-उंची बघते आणि विचारते, “आयांच्या गटात यायचंय का?” एकाच भागातल्या, साधारण एकाच वेळी बाळंत झालेल्या पाचसहा जणींची ती गाठ घालून देते. माझ्या गटात मी एकटीच परदेशी होते. आठवड्यातून एकदा भेटायचं, आणि बहुतेक वेळा बागेतच. नोव्हेंबरात! डिसेंबरात! दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो त्या दिवसांत!

मला घरी शिकवलं होतं, की बाळंतिणीने कानाला वारा लागू द्यायचा नाही आणि बाळाला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. इकडे या बायका बाळाला लोकरीत गुंडाळून, मोठ्या चाकांच्या बाबागाडीत घालून थंडीत झोपवत होत्या. कॅफेत शिरताना गाड्या बाहेर ओळीने लावायच्या, बाळं बाहेर झोपलेली आणि आया आत खिडकीपाशी. पहिल्या दिवशी मी दर दोन मिनिटांनी उठून गाडीचं झाकण उचलून बघत होते. लेक मात्र गाल लाल करून दोन तास गाढ झोपली. घरात ती सलग वीस मिनिटंसुद्धा झोपत नव्हती. आईला हे मी चार महिन्यांनी सांगितलं.

मला तेव्हा डॅनिश जेमतेम समजायचं. टेबलाभोवती बसून सहा जणी बोलायला लागल्या की माझा धागा तुटायचा आणि सगळ्या माझ्यासाठी इंग्रजीवर यायच्या. त्याचंच मला ओझं व्हायचं. चालताना तसं होत नाही. गाडी ढकलत शेजारून चालणाऱ्या बाईशी सतत बोलायची गरज नसते. ती बर्फातल्या फुलाकडे बोट दाखवते, फुलाचं नाव सांगते, आपण ते म्हणून बघतो. माझं निम्मं डॅनिश असं पायी पायी आलंय. झाडं, पक्षी, हवामान, झोप, दूध, दात या विषयांवर मी आजही बँकेतल्या कामापेक्षा चांगलं बोलते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेतल्या बेटावरच्या झाडांत राखी बगळे घरटी बांधायला लागतात. झाडं निष्पर्ण असतात, त्यामुळे काड्यांचे मोठाले ढीग आणि त्यावर उभे बगळे स्पष्ट दिसतात. आवाज मात्र अजिबात गोड नाही. लेकीने आयुष्यात पहिली नक्कल केली ती याच आवाजाची. बागेच्या कडेला प्राणिसंग्रहालयाची हद्द लागते, तिथे हत्तींचं आवार आहे. बागेतल्या वाटेवरूनच हत्ती दिसतात. बाहेर तापमान शून्याच्या आसपास, आपण कानटोपीत आणि समोर हत्ती सोंडेने अंगावर माती उडवतोय. भारतातून आलेल्या माणसाला ते बघताना गलबलून येतं. मी कितीदा तरी तिथे नुसती उभी राहिले आहे.

पुढच्या जूनमध्ये आई आली. सोबत पाच किलो भडंग. सांगलीच्या माणसाला याचं स्पष्टीकरण लागणार नाही.

पहिल्या संध्याकाळी तिला बागेत नेलं, तर ती कडेच्या बाकावर बसली. गवतावर शेकडो लोक पसरलेले, तरी तिची नजर पाटी शोधत होती. “हिरवळीवर बसू देतात?” देतात. “झोपू देतात?” झोपतातच. “आणि ते बिअर पितायत ते?” तेही चालतं. तिला पटायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तिने चपला काढल्या, साडी सावरून गवतावर मांडी घातली, आणि मग रोज तिचं तेच झालं. शेजारच्या चादरीवरच्या एका मुलीला तिने न विचारता ओंजळभर भडंग दिला. त्या मुलीने तो एकेक दाणा करत खाल्ला आणि लसूण ओळखला.

एक अडचण आली, सांजवातीची. आई दिवेलागणीला देवापुढे दिवा लावते, आणि जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दोन दिवस ती खिडकीपाशी वाट बघत बसली. मग म्हणाली, “इथली संध्याकाळ माणसांची आहे, त्यांना बसू दे.” सात वाजता दिवा लावायचा आणि मग बागेत जायचं, असा तिने नेम केला.

एकदा तिला नॉऱ्हेब्रो भागात असिस्टन्स दफनभूमीत नेलं. पिवळ्या भिंतीच्या आत मोठी थोरली झाडं, आणि एका भागात थडग्यांपासून थोड्या अंतरावर लोक उन्हात पडलेले, पोरं सायकल शिकतायत. आई दारातच थांबली. स्मशानात कसं बसायचं? मी आग्रह केला नाही. १७६० साली शहरातल्या चर्चच्या आवारांत जागा पुरेना म्हणून वेशीबाहेर ही दफनभूमी केली, मदतीला म्हणून, त्यावरूनच तिचं नाव पडलं, एवढं सांगितलं. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर इथेच आहेत, तत्त्वज्ञ कीर्केगार्डही. आणि हान्स क्रिश्चन अँडरसन.

“कोण?”

“कुरूप बदकपिल्लाची गोष्ट ज्यांनी लिहिली ते.”

ती आत आली. अँडरसन १८७५ साली गेले; साधाच उभा दगड आहे, पुढे फुलं. ती गोष्ट मराठी घराघरांत पोचली ती गदिमांच्या गाण्यातून, आणि गदिमा आमच्या सांगली जिल्ह्यातले. आईने मला ते गाणं म्हणून झोपवलं, मी लेकीला. आई त्या दगडापुढे पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत ते गाणं म्हणाली. शेजारून एक जोडपं गाडीत बाळ घेऊन चाललं होतं, ते गाणं संपेपर्यंत थांबलं. मग आम्ही तिथून थोडं दूर, उन्हात, गवतावर बसलो. आईच म्हणाली, बसू या.

सगळं गोडच आहे असं नाही. कडक उन्हाचा शनिवार सरला की रविवारी सकाळी शहरातल्या काही बागांची अवस्था बघवत नाही. एकदाच वापरायच्या ॲल्युमिनियमच्या शेगड्या थेट गवतावर ठेवतात, त्याचे काळे चौकोन महिनाभर राहतात. पिझ्झाची खोकी कचराकुंडीतून ओसंडत असतात. रिकामे डबे मात्र राहत नाहीत. इथे बिअर-शीतपेयांच्या डब्या-बाटल्यांवर अनामत असते, लहान डब्याला एक क्रोनर, मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीला तीन. ते गोळा करणारी माणसं दिवसभर चादरींमधून फिरतात. कोपनहेगनमध्ये अनेक कचराकुंड्यांना बाहेरून एक फळी लावलेली असते. डबा त्या फळीवर ठेवायचा, म्हणजे कुणाला कुंडीत हात घालावा लागत नाही. आईने हे पाहिल्यापासून ती आमचेच नाही, आजूबाजूच्यांचेही डबे उचलून फळीवर नीट ओळीने लावून यायची. एका गोळा करणाऱ्या बाईशी तिची ओळख झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई निघायच्या आदल्या दिवशी त्या बाईने तिला बागेबाहेरच्या झुडपावरची रानगुलाबाची फुलं दिली. ती आईने पोथीत ठेवून सांगलीला नेली.

चोखण्या टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी लेक उठल्या उठल्या म्हणाली, “झाडाकडे.” मला वाटलं, आता परत मागणार. पाऊस पडून गेला होता, वाट ओली होती. ती फितींमधून शोधत राहिली, निळी सापडल्यावर थांबली. चिठ्ठीवरचं तिचं नाव अजून दिसत होतं. तिने झाडाला हात हलवला, एकदा मराठीत आणि एकदा डॅनिशमध्ये अच्छा म्हणाली आणि हत्तींच्या दिशेने पळत सुटली.