ब्रीमसाठी घरी केलेले बॉबिन : माझा अनुभव

ब्रीम माशाने आमिषाला तोंड लावले आहे हे काठावर बसलेल्या माणसाला कळावे कसे, हा प्रश्न इंग्लंडमधल्या ईली शहराजवळ ग्रेट ऊझ नदीवर गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला सोडवावा लागतो, कारण हा मासा चोरपावलांनी खातो. अंगाने उंच, दोन्ही बाजूंनी चपटा आणि बुळबुळीत असा हा मासा तळाशी आल्यावर डोके खाली आणि शेपटी वर करून जवळजवळ उभा राहतो, तोंड नळीसारखे पुढे काढून गाळासकट आमिष ओढून घेतो आणि मग सावकाश आडवा होतो. त्या आडवे होण्याच्या हालचालीतच आमिष तळापासून काही इंच वर उचलले जाते. मासा पळत सुटत नाही, हिसका देत नाही आणि तोंडात काही खटकले तर ते थुंकून टाकायला त्याला वेळ लागत नाही. गळाच्या काठीचे टोक हलण्याची वाट पाहणाऱ्याला त्यातले निम्मे कळतच नाही.

यासाठी इंग्लंडमध्ये फार पूर्वीपासून वापरले जाणारे साधन म्हणजे बॉबिन. काठी दोन आधारांवर आडवी ठेवायची, तिचे टोक पाण्याच्या दिशेला आणि पृष्ठभागाच्या जवळ, आणि रीळ व काठीवरची पहिली कडी यांच्यामध्ये तंगुसाला, म्हणजे गळाच्या धाग्याला, एक हलकी वस्तू लटकवायची, की तिथे तंगुसाचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा झोळ पडतो. मासा आमिष घेऊन दूर गेला तर बॉबिन वर चढते, आपल्या दिशेने आला तर तंगूस सैल होऊन ते खाली येते. विजेवर वाजणारा भोंगाही असतो. रिचर्ड वॉकर या नावाजलेल्या इंग्रज गळबहाद्दरांनी सप्टेंबर १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प मासा पकडला, तेव्हा स्वतः बनवलेला असाच एक भोंगा त्यांच्याजवळ होता. कार्प तंगूस घेऊन धावतो, म्हणून भोंगा त्याला शोभतो. ब्रीमच्या बाबतीत मात्र काहीतरी हलले एवढे कळून भागत नाही. ते किती, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने हलले हे डोळ्यांनी दिसावे लागते. शिवाय या नदीवर वस्तीच्या नावा बांधलेल्या असतात आणि रात्री दोन वाजता त्यांच्या खिडकीखाली भोंगा वाजवणे मला प्रशस्त वाटत नाही.

बॉबिन दुकानातही मिळते, पण मी पाहिलेल्या बहुतेकांचे वजन ठरावीक होते. ते बदलता आले पाहिजे ही कल्पना मला काठावरच्या एका वयस्क गृहस्थांकडून मिळाली. ते पावाचा मऊ भाग पाण्यात भिजवून मळत आणि त्याची सुपारीएवढी गोळी तंगुसाला चिमटीने दाबून बसवत. वारा सुटला की आणखी थोडा पाव लावत, वारा पडला की काढून टाकत. पद्धत जुनी आणि फुकटची आहे, आणि मासा गळात अडकावा म्हणून काठीला हिसका देताच गोळी आपोआप गळून पडते. मात्र उन्हात ती वाळून हलकी होते, पावसात विरघळते, आणि बदकांना तिचा पत्ता लागला की मासेमारी बाजूला राहून बदके हाकलणे हाच उद्योग होतो. वजन बदलण्याची ती सोय टिकाऊ वस्तूत आणायची, एवढेच माझ्या सगळ्या खटाटोपाचे उद्दिष्ट होते.

इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात ब्रीमसारख्या माशांना गळ टाकण्यास बंदी असते, त्यामुळे असली कामे करायला हाच काळ योग्य. मी चॉकलेटच्या अंड्यातून निघणारी पिवळी प्लॅस्टिकची डबी निवडली. ती हलकी असते, दुरून दिसते आणि घरात मूल असले तर तिचा तुटवडा पडत नाही. हल्लीच्या डब्यांना बिजागरी असल्यामुळे झाकण हरवत नाही, हा आणखी एक फायदा. दाभण तापवून मी डबीच्या वरच्या टोकाला आणि तळाला एकेक छिद्र पाडले. वरच्या छिद्रात तारेचा आकडा बसवला आणि खालच्या छिद्रातून सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची नायलॉनची विणलेली दोरी ओवून आत गाठ मारली. या दोरीचे दुसरे टोक पुढच्या आधारकाठीला बांधले, की हिसका दिल्यावर बॉबिन गवतात उडून हरवत नाही. दोरी याहून लांब ठेवली तर ती रिळाच्या मुठीत गुंतते.

सर्वांत जास्त वेळ आकड्याने घेतला. पेपरक्लिप गंजते, म्हणून मी न गंजणारी पातळ तार घेतली आणि पकडीने तिला इंग्रजी यू अक्षराचा आकार देऊन एक बाजू किंचित आत वळवली. तोंड फार अरुंद ठेवले तर हिसक्याच्या वेळी तंगूस सुटत नाही आणि बॉबिन कडीत जाऊन आदळते. फार रुंद ठेवले तर वाऱ्याच्या झुळकेनेही ते खाली पडते. तंगूस बोटाने वर उचलला असता बॉबिन सोबत यावे आणि झटका दिला असता जागीच सुटावे, हे जमेपर्यंत तार वाकवत राहणे एवढाच त्याला उपाय आहे. तारेच्या कापलेल्या टोकाला धार राहते आणि ती तंगुसाला चरे पाडते, त्यामुळे ते टोक बारीक पॉलिश पेपरने गोल करून घेतले. डबीचे प्लॅस्टिक गुळगुळीत असल्यामुळे त्यावर ॲराल्डाइट धरत नाही; आतली बाजू पॉलिश पेपरने खरवडून, तारेचे टोक आत दुमडून मग ते लावले आणि रात्रभर हात लावला नाही.

वजनासाठी शिसे नको असे मी आधीच ठरवले होते. शिशाचे मणी गिळून हंस मरत असल्यामुळे ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाची शिशाची वजने गळासाठी वापरण्यास बंदी आहे. बॉबिन पाण्यात जात नाही हे खरे, पण डबी काठावर उघडली आणि त्यातले शिसे गवतात सांडले तर ते हंसाच्या पोटात जाणार नाही याची हमी कोण देणार? त्यामुळे मी सहा मिलिमीटरचे साधे लोखंडी नट घेतले. असा एक नट अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो. डबीत ते खुळखुळू नयेत म्हणून स्पंजचा तुकडा कोंबला. एक, तीन आणि सहा नट घातल्यावर डबीचे वजन किती भरते हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाहून झाकणाच्या आत लिहून ठेवले. केकच्या मैद्याचा काटा नटांसाठी वापरल्याबद्दल घरातून जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

नदी बंद असल्यामुळे पहिली परीक्षा घरामागच्या हिरवळीवर घेतली. काठी आधारांवर ठेवली, तंगूस हिरवळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेला, बॉबिन रिकामेच लटकवले आणि मुलीला तंगूस दोन बोटे अंतर सावकाश ओढायला सांगितले. "बाबा, मी ओढलं तरी तुझा चेंडू हललाच नाही," असे ती म्हणाली आणि ते खरे होते. गवतावर पडलेल्या तंगुसात इतका ढिलेपणा होता की तिची सगळी ओढ तो ढिलेपणा काढण्यातच संपली. डबीत तीन नट घातल्यावर बॉबिनच्या भाराने तंगूस ताठ झाला आणि तिने तेवढेच ओढल्यावर डबी स्पष्ट वर उचलली गेली. जितके हलके तितके संवेदनशील, असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. तंगूस ताठ राहील इतके वजन आधी हवे. त्याहून जास्त झाले की मग माशाला ते जाणवू लागते. जवळ, निवाऱ्याच्या जागी एखादा नट पुरतो. ३५-४० मीटरवर, बाजूने वारा असताना पाच-सहा लागतात.

१६ जूननंतर ही बॉबिने नदीवर आली. फीडर म्हणजे गळाजवळ तंगुसाला बांधलेला, चारा भरायचा वजनदार पिंजरा; त्यात पावाचा भुगा आणि चिरलेली गांडुळे भरून तो नदीच्या मध्याशी टाकायचा, तो तळाला टेकला की काठीचे टोक पाण्यात बुडवून तंगूस बुडवून घ्यायचा, ढिलेपणा गुंडाळायचा आणि मगच बॉबिन लटकवायचे. फीडरपासून गळापर्यंतची दोरी मी ७०-८० सेंटिमीटर ठेवतो, म्हणजे मासा आडवा होईपर्यंत त्याला फीडरचा भार लागत नाही. ब्रीमचा थवा आला की प्रथम बॉबिन टुणकन उडते आणि लगेच जागेवर येते. अशा वेळी हात आवरावा लागतो, कारण ते खाणे नव्हे. माशांची उंच पाठ तंगुसाला घासून जाते एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा हिसका दिला तर गळ माशाच्या अंगात रुततो आणि सगळा थवा उधळतो. खरी ओढ वेगळी असते. बॉबिन सावकाश, थांबत थांबत, तीन-चार बोटे वर चढते आणि तिथेच राहते, किंवा चढतच जाते. दुसरा प्रकार म्हणजे ते एकाएकी खाली पडणे. मासा फीडर उचलून काठाकडे आलेला असतो. हलक्या बॉबिनचे हे पडणे ओझरते आणि अर्धवट असते, वजनदार बॉबिन मात्र धप्पकन खाली येते. केवळ या एका कारणासाठी मी आता सहसा तीन नटांच्या खाली जात नाही.

ग्रेट ऊझची स्वतःची काही नाटके आहेत. प्रवाहाच्या खालच्या अंगाला डेनव्हर या गावी पाणी अडवणारे दरवाजे आहेत; तिथला पहिला बांध कॉर्नेलियस व्हर्मायडेन या डच अभियंत्याने १६५१ मध्ये घातला. ते दरवाजे उघडले की तळ्यासारखी निवांत दिसणारी नदी ईलीपाशी चालू लागते, आणि बॉबिन एखाद्या मोठ्या माशाने ओढावे तसे एका लयीत वर जाऊन काठीला चिकटते. शेजारच्या काठीचेही बॉबिन त्याच वेळी चढत असेल, तर तो मासा नाही. नट वाढवून भागले नाही तर बॉबिन काढून ठेवावे आणि काठीचे टोक पाहावे, हे उत्तम. केंब्रिज विद्यापीठाचे नौकापटू याच पात्रात सराव करतात, आणि १९४४ व २०२१ मध्ये ऑक्सफर्डविरुद्धची त्यांची शर्यतही इथेच झाली. त्यांच्या नावा गेल्यावर बॉबिन काही वेळ नाचत राहते. तेव्हा चहा प्यावा.

ब्रीम रात्री जास्त खातात, म्हणून पुढे डबीला एक भर घातली. बॉलपेनच्या नळीचा चार सेंटिमीटरचा तुकडा डबीच्या बाहेरच्या बाजूला उभा चिकटवला आणि त्यात वाकवल्यावर उजळणारी रासायनिक प्रकाशकांडी बसवली. ती एका रात्रीपुरती चालते. ट्रिटियम वायू भरलेल्या काचेच्या नळ्याही मिळतात आणि त्या वर्षानुवर्षे उजळत राहतात, पण त्या महाग असतात आणि डबी कधीतरी दगडावर आपटणारच. पावसाचे पाणी बिजागरीतून आत जाऊन वजन वाढू नये म्हणून झाकणाच्या कडेला व्हॅसलिनचे बोट फिरवतो.

पकडलेला मासा ओल्या हातांनी गळातून सोडवून पुन्हा पाण्यात सोडायचा, हा इथला रिवाज आहे. पुण्याच्या नातेवाइकांना ते पटत नाही. खायचा नाही तर पकडायचा कशाला, असे ते विचारतात, आणि ब्रीमला काटे फार व चव चिखलाची असते असे सांगून मी तो विषय संपवतो. सध्या माझ्याकडे दोन काठ्यांसाठी दोन डब्या आहेत, एक पिवळी ठेवली आहे आणि दुसरीला नारिंगी रंग दिला आहे, कारण अंधुक उजेडात कोणती हलली हे रंगावरूनच कळते. हिवाळ्यात थंडीने ब्रीम सुस्तावले की त्यांची ओढ एखाद्या बोटापुरतीच उरते. त्या वेळी मी एकच काठी लावतो, निवाऱ्याची जागा धरतो आणि डबीत दोनच नट ठेवतो.